घोडे, मोतद्दार आणि गवत : इंग्रजी अमदानीतल्या ठाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या जुन्या इतिहासावर बोलणं निघालं की घोड्यांबद्दलचे प्रश्न हमखास येतात. कुणाला घोडबंदर नावाचं कुतूहल असतं, कुणी त्र्यंबकजी डेंगळ्यांची गोष्ट अर्धीमुर्धी ऐकलेली असते, कुणाच्या आजोबांचा टांगा असतो. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. घोड्यावर बसणाऱ्यांपेक्षा घोड्याजवळ उभं राहणाऱ्यांबद्दल, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारासारख्या माणसांबद्दल मी जास्त लिहिलं आहे आणि ते जाणूनबुजून. ठाणे जिल्ह्याने इंग्रजांच्या मुंबईला घोडे फारसे दिले नाहीत. दिली ती माणसं, आणि गवत.

ठाणे-पनवेलकडे मुळात घोडे होते का? इथे तर सगळी भातशेती.

फार कमी होते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात घोडा रमत नाही. चार महिने ओल्या जमिनीवर उभं राहून खूर मऊ पडतात, सडतात. घोड्याची चंदी म्हणजे मुख्यतः हरभरा, आणि तो इथे फारसा पिकत नाही. तो देशावरून आणावा लागतो. ओझं वाहायला बैल होते, घाटातून मीठ आणि धान्याची ने-आण वंजाऱ्यांचे तांडे बैलांवरून करत, आणि खाडीकाठच्या गावांना मचवे होतेच. एखाद्या गावात कुलकर्ण्याकडे किंवा सावकाराकडे तट्टू असे, तेवढंच. त्यामुळे इंग्रजी काळात ठाण्यात जे चांगले घोडे दिसत ते सरकारचे, लष्कराचे, साहेबांचे किंवा मुंबईच्या शेठियांचे. घोडा दाराशी असणं हीच मुळात प्रतिष्ठा होती.

घोडबंदरला खरंच घोडे उतरत होते का?

पोर्तुगीज काळात वसईच्या खाडीवरच्या या बंदरात अरबांशी घोड्यांचा व्यापार चाले, अशी परंपरा आहे. इथला किल्ला पोर्तुगिजांचा. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि पुढे इंग्रजांकडे गेला.

पण ठाण्याचा आणि समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांचा संबंध पोर्तुगिजांच्याही आधीचा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचं वर्णन केलं आहे. त्यात तो सांगतो, की इथल्या राजाने चाच्यांशी करार केला होता: लुटीतला बाकीचा माल तुमचा, पण जहाजावर सापडलेले सगळे घोडे माझे. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते, आणि हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांत इतर मालाबरोबर घोडे भरलेले असतच. राजाने सोनंनाणं न मागता घोडा मागितला, यावरून कोकणपट्टीत घोड्याची किती टंचाई होती ते कळतं. पुढे जवळपास पाचशे वर्षांनी इंग्रज आले तेव्हाही ही टंचाई तशीच होती.

त्र्यंबकजी डेंगळ्यांना एका मोतद्दाराने गाणं गाऊन पळवलं, ही गोष्ट खरी आहे का?

गाभा खरा आहे, आणि ठाण्यातल्या प्रत्येक शाळेत ही गोष्ट सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

त्र्यंबकजी हे दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याचा ठपका त्यांच्यावर आला, आणि पुण्यातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) एल्फिन्स्टन याच्या दबावापुढे बाजीरावाला त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन करावं लागलं. त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. देशी शिपाई फितूर होतील या भीतीने पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे सोजीर म्हणजे सैनिक नेमले होते.

तिथेच इंग्रजांचा हिशेब चुकला. किल्ल्यातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार नोकरीला होता. साहेबाचा घोडा फिरवायला म्हणून तो रोज त्र्यंबकजींच्या खिडकीखालून ये-जा करी, आणि जाता जाता सहज गुणगुणल्यासारखं मराठीत गाई. सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यात होता. सोजिरांना मराठीचा गंधही नव्हता, त्यामुळे संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबर १८१६ मधल्या एका रात्री त्र्यंबकजी किल्ल्यातून निसटले. मोतद्दाराच्या या कामगिरीची हकीकत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. बिशप हेबर १८२५ मध्ये ठाण्याला आला होता (सेंट जेम्स चर्चचा विधी त्याच्याच हातून झाला), त्यानेही ही हकीकत ऐकली आणि त्या गाण्याचं इंग्रजी रूप लिहून ठेवलं. त्याचा आशय असा: झाडाखाली घोडे तयार आहेत, घोडे पंचावन्न आणि माणसं चोपन्न, पंचावन्नावा स्वार चढला की दख्खनला पुन्हा बरे दिवस येतील.

हेबर कवीमनाचा होता, त्यामुळे ओळींवर त्याने स्वतःचा साज चढवला असणार. पण घटनेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मोतद्दार कुठेही जाऊ शकत होता, कारण त्याच्याकडे कुणी पाहतच नव्हतं. घोडा सकाळ-संध्याकाळ फिरवावाच लागतो; तो फिरवणाऱ्याला कोण विचारणार, इकडे कशाला आलास म्हणून? एवढ्या पहाऱ्यातल्या किल्ल्यात ज्याला कुठेच अटकाव नव्हता, असा तो एकटा माणूस. डेंगळ्यांचं नाव इतिहासात राहिलं, एल्फिन्स्टनचं कॉलेजला मिळालं. ज्याने जीव धोक्यात घालून निरोप पोचवला त्याचं नाव ना डफने दिलं, ना हेबरने.

मोतद्दार, सईस, चाबुकस्वार, नालबंद, सळोत्री: या सगळ्यांत फरक काय?

मोतद्दार आणि सईस एकच. घोड्याला खरारा करणं, पाणी पाजणं, तोबरा चढवणं, लीद काढणं, जीन कसणं, मालक स्वार झाला की सोबत पळत जाणं आणि तो उतरेपर्यंत लगाम धरून उन्हात उभं राहणं, हे त्याचं काम. मुंबईकडचे इंग्रज त्यालाच घोडेवाला म्हणत. तो बहुधा तबेल्यातच, घोडा बांधायच्या जागेशेजारी झोपे. साहेबांच्या घरी एका घोड्यामागे एक मोतद्दार आणि शिवाय एक घासकाप्या ठेवण्याची रीत होती. घासकाप्या रोज रानात जाऊन हिरवं गवत खुरपून आणी.

चाबुकस्वार कोऱ्या शिंगराला शिकवतो, त्याला चाली लावतो. सळोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. कॉलेजात शिकलेले डॉक्टर येण्याआधी सगळी मदार त्याच्यावर. खरेदीच्या वेळीही त्याला किंवा एखाद्या जाणत्याला बरोबर नेत, कारण अंगावरचे केसांचे भोवरे पाहूनच सौदा ठरे. गळ्याजवळ देवमण नावाचा भोवरा असेल तर घोडा शुभ, आणि भोवरा वाईट जागी असेल तर कितीही देखणा घोडा पडत्या भावात जाई.

नालबंदाचं काम मात्र जवळून पाहण्यासारखं आहे. आजही लग्नाच्या घोड्यांना नाल मारताना ते पाहता येतं. मदतनीस घोड्याचा पाय गुडघ्यात वाकवून मांडीवर घेतो. जुनी नाल उचकटून काढतात. खुराचा वाढलेला भाग छाटतात, मग कानशीने तळ सपाट करतात. नवी नाल बसवून बघतात, पुन्हा ठोकून आकार जुळवतात. खिळा नालेच्या भोकातून आत जातो तो किंचित बाहेरच्या बाजूला झुकवून, म्हणजे त्याचं टोक खुराच्या भिंतीतून बाहेर निघतं. ते पिळून तोडायचं आणि उरलेलं वळवून दाबून टाकायचं. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिला वेदना नाही. पण खिळा केसभर आत गेला तर जिवंत भागात घुसतो, घोडा लंगडतो आणि कधी कधी कायमचा जातो. खूर महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी हे सगळं पुन्हा करावं लागतं. हजार घोड्यांच्या शहरात नालबंदाला उसंत कशी मिळणार?

ही कामं कोणत्या समाजातली माणसं करत?

नालबंद आणि चाबुकस्वार बरेचसे मुसलमान. ही दोन्ही आडनावं आजही महाराष्ट्रात भेटतात. साहेबांच्या घरच्या मोतद्दारांत महार समाजातली माणसं मोठ्या संख्येने होती. त्यामागे जुनं कारण आहे. मराठेशाहीत सरकारी घोड्यांसाठी गवत आणि सरपण पुरवणं हे वतनाचा भाग म्हणून महारांवर लादलेलं काम होतं. त्यात मोबदला नावापुरता आणि मानहानी भरपूर. इंग्रज साहेबाकडे तेच घोड्याचं काम केलं तर महिन्याला रोख पगार हातात पडे. गाव सोडून मुंबई-पुण्याच्या छावण्यांकडे निघालेल्या कितीतरी कुटुंबांची पहिली रोख कमाई अशी तबेल्यातली आहे.

यावरून इंग्रजांनी समता आणली असा अर्थ मात्र कुणी काढू नये. छावणीतही मोतद्दार तळातच होता. त्याची झोपडी तबेल्यामागे आणि साहेबाच्या हातातली छडी घोड्याइतकीच त्याच्यासाठीही. आणि ज्या माणसांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांचे घोडे सांभाळले, त्यांच्याच मुलाने लग्नात घोड्यावर बसलेलं गावाला खपत नसे. देशाच्या काही भागांत ही गोष्ट आजही घडते आणि पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागते, याची लाज वाटली पाहिजे.

मग घोडे यायचे कुठून?

मुंबईत मान अरबी घोड्याला होता. बसरा, कुवेत आणि इराणच्या आखातातल्या बंदरांतून ते जहाजांनी येत. भेंडी बाजार आणि भायखळ्याकडे अरब व्यापाऱ्यांचे मोठमोठे तबेले होते. शर्यतीचे शौकीन, लष्करी अधिकारी, संस्थानिकांचे कारभारी सगळे तिथे घोडे पाहायला जात. काठियावाडी घोडे गुजरातेतून येत, आणि काबुली व्यापारी खुष्कीच्या मार्गाने आपले घोडे विकायला आणत.

तोफा ओढायला आणि जड रिसाल्यांना मात्र थोराड घोडा हवा होता. ईस्ट इंडिया कंपनीने त्यासाठी बिहारमध्ये पुसा इथे पैदास सुरू केली आणि १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट या पशुवैद्याला तिचा अधीक्षक नेमलं. चांगल्या बीजाचा घोडा शोधत हा माणूस पार बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये मरण पावला. शेवटी तोडगा निघाला तो ऑस्ट्रेलियात. न्यू साउथ वेल्सवरून ज्यांना वेलर हे नाव पडलं, ते घोडे आठवडेच्या आठवडे समुद्रप्रवास करून हिंदुस्थानात येऊ लागले. १८५७ च्या उठावानंतर ही मागणी प्रचंड वाढली आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लष्कराचा कणा वेलरच राहिला.

मराठ्यांच्या भीमथडी घोड्यांचं काय झालं?

मनाला लागतं असं उत्तर आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला हा घोडा उंचीने बेताचा, पण काटक. थोड्या चाऱ्यावर दिवसभर चालणारा. १७७८ च्या अखेरीस कंपनीची फौज पनवेलला उतरून बोरघाट चढली तेव्हा तिच्याबरोबर सामान ओढायला एकोणीस हजार बैल होते आणि घोडदळ जवळपास नव्हतं. मराठ्यांनी मुलूख जाळून चारा-पाणी तोडलं, हलक्या घोडदळाने रसद मारली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी गुडघे टेकले. पनवेलकरांनी लक्षात ठेवावी अशी ही मोहीम आहे.

१८१८ नंतर पेशव्यांच्या आणि सरदारांच्या पागा मोडल्या. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोघांचीही रोजी एकदम गेली. काहीजण १८१७ मध्ये उभारलेल्या पूना हॉर्ससारख्या पलटणींत गेले. शिलेदारी पद्धत इंग्रजांनी नावासकट उचलली होती आणि ती पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. परदेशातल्या लढाईत मेलेल्या घोड्याच्या जागी शिलेदार नवा घोडा आणणार कुठून? त्या प्रश्नावर पद्धत कोसळली आणि युद्धानंतर बंद झाली. बहुतेक शिलेदार तलवारी ठेवून नांगराला लागले. भीमथडी घोडा धनगरांच्या आणि मेंढपाळांच्या फिरत्या वाड्यांबरोबर तग धरून राहिला, बिऱ्हाड पाठीवर घेऊन. अलीकडे त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे, हे फार चांगलं झालं.

रेल्वे आल्यावर घोडे संपले ना?

उलट वाढले. लांब पल्ल्याची घोड्यांची वाहतूक संपली, जवळच्या पल्ल्याची सुरू झाली.

आधी लांब पल्ल्याचं. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे. तिथून चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाट. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलला बरकत आली. टपालाच्या गाड्या, शिग्राम नावाच्या घोडागाड्या, भाड्याचे तट्टू, टप्प्याटप्प्यावर बदलायचे ताजे घोडे, त्यांचे मोतद्दार, चंदीची दुकानं, लोहार आणि सुतार. पनवेलची गाड्यांची चाकं नावाजलेली होती. त्या काळात पनवेल ठाणे जिल्ह्यातच होतं.

१८५६ मध्ये रेल्वे खोपोलीला पोचली, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला, आणि मधली पाच वर्षं गंमतच होती: दोन्हीकडे आगगाडी आणि मधला घाट तट्टूवरून किंवा पालखीतून. १८६३ मध्ये घाटातली रेल्वे झाली आणि पनवेलच्या रस्त्यावरची वर्दळ ओसरली. ज्यांचं पोट टप्प्याच्या घोड्यांवर होतं त्यांना नवा धंदा शोधावा लागला.

तो धंदा स्टेशनांबाहेर होता. आगगाडी माणसाला ठाण्यापर्यंत, कल्याणपर्यंत आणून सोडी. पुढे घरापर्यंत कोण नेणार? प्रत्येक स्टेशनाला टांग्यांचा तळ लागला. जितक्या गाड्या वाढल्या तितके टांगे वाढले.

ठाणे जिल्ह्यातल्या गवताचा एवढा उल्लेख का होतो?

कारण मुंबईचे घोडे त्यावर जगत. साधा हिशेब करू. मध्यम घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो सुकी वैरण लागते. हजार घोडे म्हटले तर रोज आठ-दहा टन, वर्षाला सुमारे तीन ते साडेतीन हजार टन. त्यात लष्कराचे, ट्राम कंपनीचे, भाड्याच्या गाड्यांचे, शेठियांच्या बग्ग्यांचे, शर्यतीचे घोडे मिळवा. बेटावर गवत उगवायला जागा उरली नव्हती. कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, पनवेल, वाडा, वसई, डहाणू या पट्ट्यातल्या वरकस म्हणजे हलक्या जमिनी आणि माळरानं हाच मुंबईचा गवताचा कोठार. दसऱ्यानंतर गवत पिवळं पडलं की कापणी सुरू होई. भारे वखारीत येत, तिथे दाबून त्यांचे गठ्ठे बांधत, आणि ते खाडीतून पडावांनी किंवा रेल्वेच्या वाघिणींतून मुंबईला जात. आज जिथे टोलेजंग गृहसंकुलं उभी आहेत त्यांतली कित्येक जागा तेव्हा गवताची राखीव कुरणं होती.

कापणारे हात वारली, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळ्यांचे. पावसाळ्यात खावटी म्हणून घेतलेल्या मूठभर धान्याच्या बदल्यात हिवाळाभर जमीनदाराचं गवत कापायचं. वेठ निराळी. लग्नासाठी कर्ज काढलं तर माणूस लग्नगडी होऊन आयुष्यभर राबे, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही.

ही गोष्ट कुठे जाऊन पोचली ते सांगितल्याशिवाय घोड्यांचा इतिहास पुरा होत नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. वारली शेतमजूर तिथे आले, आणि परत गेले ते वेठ नाकारायच्या निर्धाराने. किसान सभेचे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर तलासरी-डहाणू-उंबरगाव भागात फिरत होते. मे महिन्यात झरी गावात परिषद झाली. त्या वर्षीच्या गवतकापणीच्या हंगामात मागणी होती ती अशी: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंहून अधिक गवत, विळ्याने, वाकून. जमीनदार आणि ठेकेदार हटले नाहीत, मजुरांनी विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार आदिवासी मारले गेले.

तोवर मुंबईतले घोडे कमी झाले होते, म्हशींचे तबेले वाढले होते. पण गवताच्या धंद्याची रीत घोड्यांच्या जमान्यातच बसलेली होती. तेव्हा महालक्ष्मीच्या शर्यतींचे जुने फोटो पाहाल, त्या तुकतुकीत अरबी घोड्यांना दाद द्याल, तेव्हा त्यांच्या पुढ्यातल्या गवताचाही विचार व्हावा. हा सगळा पट्टा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये.

मुंबईची घोड्यांची ट्राम ठाण्यापर्यंत येत होती का?

नाही. ती ९ मे १८७४ ला कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या मार्गांवर सुरू झाली आणि शहरातच राहिली. शेवटची घोड्यांची ट्राम १ ऑगस्ट १९०५ ला धावली. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला आली. घोड्यांची ट्राम बंद झाली तेव्हा कंपनीच्या तबेल्यात हजाराच्या वर घोडे होते.

सरकारी नोकरीसाठी घोड्यावर बसता येणं सक्तीचं होतं का?

आयसीएस म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी होतं. लेखी परीक्षेत उत्तीर्ण होऊनही घोडेस्वारीची परीक्षा द्यावी लागे. अरविंद घोषांनी ती दिली नाही म्हणून १८९२ मध्ये त्यांची निवड रद्द झाली. कलेक्टर हिवाळ्यात डेरे-तंबू घेऊन जिल्हाभर फिरतीवर निघे. मोखाड्याच्या डोंगरांत, शहापूरच्या जंगलात रस्ते नव्हतेच. देशी मामलेदारालाही घोडा ठेवावा लागे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये असाच फिरतीवर असताना चौक गावातून माथेरान चढला.

माथेरानचे घोडे तेव्हापासूनचे आहेत का?

माथेरान वसल्यापासून घोडा तिथे आहे. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांची छोटी गाडी सुरू होईपर्यंत नेरळ स्टेशनवर उतरून वर जायचं ते तट्टूवर, खुर्चीत किंवा पायी. मोटारींना बंदी असल्यामुळे घोडेवाल्यांची वस्ती टिकली. इंग्रजी काळातला घोड्याचा धंदा सलग पाहायचा असेल तर आपल्या जवळ ही एकच जागा उरली आहे.

घोडे आजारी पडले तर?

आधी सळोत्री, आणि नंतर पशुवैद्य. मुंबईत प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची संस्था १८७४ मध्ये निघाली. परळला पेटिट घराण्याच्या देणगीतून जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि १८८६ मध्ये तिथेच बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. क्रूरता प्रतिबंधाचा देशव्यापी कायदा १८९० चा.

दोन रोगांची सगळ्यांत जास्त दहशत होती. एक सर्रा, ग्रिफिथ इव्हान्सने १८८० मध्ये पंजाबात घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात त्याचे सूक्ष्म जंतू शोधून काढले. दुसरा ग्लँडर्स, नाकातून घट्ट स्राव आणि अंगावर गाठी-जखमा. हा माणसालाही होतो, आणि होतो तो आधी मोतद्दाराला, कारण तोच घोड्याचं नाक पुसतो आणि त्याच्याच शेजारी झोपतो. १८९९ च्या कायद्याने असे घोडे मारून टाकायचा अधिकार सरकारला मिळाला. भाड्याच्या एकाच घोड्यावर घर चालवणाऱ्या टांगेवाल्याला या कायद्याची किती धास्ती वाटत असेल!

याच संदर्भात एक सांगावंसं वाटतं. शहापूर-मुरबाडमध्ये आज साप चावलेल्या शेतकऱ्याला जी प्रतिविषाची कुपी टोचतात, तिच्यातलं औषध घोड्याच्या रक्तापासूनच तयार होतं.

ठाण्याचे टांगे आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया कधी गेल्या?

टांगे एका दिवसात गेले नाहीत. आधी बस आल्या, मग रिक्षा. तळावरची संख्या घटत गेली आणि चंदीचा खर्च भाड्यातून निघेना. ठाणे-कल्याणच्या ज्येष्ठांना स्टेशनाबाहेरचे टांगे, पितळी दिवे आणि ओल्या गवताचा वास अजून आठवतो. मुंबईत करमणुकीसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. घोड्यांची हालत वाईट होती, हे खरंच. डांबरी रस्ता, कोंदट तबेले, अपुरं पाणी. निर्णय योग्यच होता असं मी मानतो. पण चालक आणि मोतद्दारांचं पुनर्वसन त्याच तत्परतेने व्हायला हवं होतं.

आमचे पणजोबा शिलेदार (किंवा नालबंद, टांगेवाले) होते असं घरात सांगतात. कागद कुठे मिळतील?

शिलेदार-बारगीर असतील तर पुण्याचं पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. कागद मोडीत असतील, तेव्हा मोडी वाचणारा बरोबर न्या किंवा स्वतः शिका. ठाणे-मुंबईत वर्ग होत असतात. इंग्रजी काळासाठी मुंबईचं राज्य पुराभिलेखागार. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर शासनाने ऑनलाइन ठेवलं आहे. त्यात जनावरं, गवत, रस्ते आणि टोलनाके यांची प्रकरणं आधी वाचा. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी मासिकं चाळता येतात.

मोतद्दार आणि घासकाप्यांचे कागद सरकारी दफ्तरात नावानिशी क्वचितच सापडतात. तिथे घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणं हाच रस्ता. त्यांना तारखा विचारू नका. घोड्याचं नाव काय होतं, तबेला कुठे होता, चंदी कुठल्या दुकानातून उधार आणत, नाल कोण मारी, परवान्याचा पितळी बिल्ला घरात आहे का, हे विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. बिल्ला निघाला तर त्यावरचा क्रमांक आणि वर्ष दोन्ही नीट टिपून घ्या, आणि घासून चकचकीत करायच्या आधी त्याचा फोटो काढा.